गोव्यासाठी १४ वर्षं नुसते कागद रंगवले?

मांडवीकाठ: १९ डिसेंबरच्या, गोवा मुक्तिदिनाच्या पोस्टवर एकाने लिहिलं, ‘१९६१ला सैन्याने ३६ तासांत उरकलेल्या कामासाठी नेहरूंनी १४ वर्षं कागद रंगवले.’ दरवर्षी हेच वाचतो, यंदा डोकं फिरलं. २७ फेब्रुवारी १९५०ला भारताने पोर्तुगालला लेखी कळवलं, गोव्याच्या भवितव्यावर बोलू. जूनमध्ये लिस्बनने साफ नकार दिला. १९५१मध्ये तिथला हुकूमशहा सालाझार याने घटना बदलून वसाहतींचे ‘सागरापारचे प्रांत’ केले. १९५३ला आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. पण डिसेंबर १९६०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो ‘प्रांत’ मानला नाही, गोवा स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातला. वर्षभराने आपलं सैन्य गोव्यात शिरलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत सात मतं आपल्याविरुद्ध पडली. रशियाने नकाराधिकार वापरला, सिलोन, लायबेरिया, इजिप्तही आपल्या बाजूने उभे राहिले. हे एका रात्रीत जमत नाही.

बांद्याचा तिठा: यादीने सालाझार हलला? सैन्य शिरलं तेव्हा हलला. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. माझे आजोबा बांद्यात जखमींना पाणी पाजत होते. एकाचा सदरा रक्ताने अंगाला असा चिकटला होता की कात्रीने कापून काढला. आणि दिल्लीने पुढे काय केलं? सत्याग्रहच बंद!

पेडण्याची सून: भारताने गोव्याची केलेल्या नाकेबंदीबद्दल कुणी बोलेल का? सासूबाईंचं माहेर सावंतवाडी. वडील गेल्याचं कळलं ते बारावं उरकल्यावर. सीमा ओलांडायचा परवाना काही मिळाला नाही. मुंबईहून येणारी मनिऑर्डर थांबली. तिकडे मुरगावातून लोखंडाचं खनिज जपानला जातच होतं.

दर्यावर्दी: १९४८लाच हैदराबादसारखं केलं असतं तर आज गोवा महाराष्ट्रात असता.

फोंड्याचो: आलात मूळपदावर! १६ जानेवारी १९६७ला लोकांना विचारलं होतं. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण पडलं. आमच्या देवळात कीर्तन मराठीतच होतं, तरी घरातल्या सगळ्यांनी दोन पानांवर, म्हणजे विलीनीकरणाविरुद्ध, शिक्का मारला.

दर्यावर्दी: आणि फुलावर, म्हणजे विलीनीकरणाच्या बाजूने, शिक्का मारणारे १,३८,१७० कोण? ते गोंयकार नव्हेत?

फोंड्याचो: आहेत. पण हरले. मुंबईतल्या आमच्या माणसांना मत द्यायची मागणीही मान्य झाली नव्हती, ते विसरू नका.

दर्यावर्दी: घरात ज्ञानेश्वरी वाचायची आणि महाराष्ट्र परका! आमच्या आत्याचं सासर म्हापशाचं, तिथे याच विषयावर दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

मांडवीकाठ: विलीनीकरणाला वेगळा धागा काढा हो! नाकेबंदीत सामान्य माणूस भरडला, हे पेडण्याच्या सुनेचं म्हणणं मला नाकारता येत नाही. पण हैदराबाद चहूबाजूंनी आपल्या पोटात होतं. १९४८ला फौज काश्मिरात अडकलेली. १९४९ला पोर्तुगाल अमेरिकेच्या नाटो या लष्करी गटात गेला आणि १९५५च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या संयुक्त निवेदनात गोव्याला ‘प्रांत’च म्हटलं. फौज कुणाच्या भरवशावर घुसवायची होती?

बांद्याचा तिठा: सुरक्षा परिषदेचा मुद्दा मानतो, नाइलाजाने. पण पत्रादेवीनंतर आणखी सहा वर्षं लागली. त्या काळात पोर्तुगीजांच्या आग्वाद तुरुंगात खितपत पडलेल्यांना तुम्ही कोणती यादी दाखवली असती?