'निघणे', 'सुटणे', 'लागणे' इंग्रजीत कसं शिकवावं? सेट ऑफ, सेट आउट, सेट इनचा गोंधळ

पऱ्हाटी_इंग्रजी (प्रश्न)
नमस्कार. नववी-दहावीला इंग्रजी शिकवते, यवतमाळ जिल्ह्यात. मुलं कास्तकारांची, इंग्रजी कानावर पडतं ते शाळेतच. फ्रेजल व्हर्बची (क्रियापदाला ऑफ, आउट, इन असा छोटा शब्द जोडून होणारी क्रियापदं) यादी पाठ करून घेतली की गाळलेल्या जागा बरोबर भरतात, पण स्वतःचं वाक्य लिहायला सांगितलं की सगळं बिघडतं. वह्यांमधली वाक्यं अशी:

'वुई लेफ्ट नागपूर ॲट सिक्स.' म्हणायचं होतं, सहाला नागपूरला निघालो.
'द बस टूक ऑफ फ्रॉम द स्टँड.'
'अ फायर वॉज ब्रोकन आउट इन द जिनिंग.'
'आय वेंट टू द स्टेशन टू सी ऑफ हिम.'
आणि शाळा सुटल्यावर निरोप घेताना, 'आय ॲम कमिंग, सर.'

निघण्याची आणि सुरुवात होण्याची क्रियापदं यादी सोडून दुसऱ्या कोणत्या रीतीनं शिकवता येतील?

वऱ्हाडी_व्याकरण
ताई, पहिलं वाक्य आधी हाती घ्या, कारण त्यात अर्थच उलटा झाला. 'लीव्ह'च्या लगेच पुढे येतं ते सोडलेलं ठिकाण. जिथं जायचं त्याच्या आधी 'फॉर' लागतो. 'वुई लेफ्ट नागपूर' म्हणजे नागपूरहून निघालो. फळ्यावर दोन्ही गावं एकाच वाक्यात लिहा: 'वुई लेफ्ट पुसद फॉर नागपूर ॲट सिक्स.' 'सेट ऑफ'लाही जायच्या ठिकाणाआधी 'फॉर' लागतो, पण निघाल्याचं ठिकाण सांगायचं तर तिथं 'फ्रॉम' हवा.

आता मूळ अडचण. रडू लागला, पळत सुटला, निघून गेला, कामाला लागला. सुरुवातीची नि निघण्याची छटा मराठी दुसऱ्या क्रियापदावर टाकते. इंग्रजी ती ऑफ, आउट, अवे, इन, अप अशा छोट्या शब्दांवर टाकते. म्हणून 'सेट म्हणजे ठेवणे, ब्रेक म्हणजे मोडणे' इथून सुरुवात केली की पोरगं अडकलंच. मराठी वाक्य द्या, त्यातल्या 'लागला', 'सुटला' खाली रेघ मारायला सांगा आणि मग त्या रेघेचं इंग्रजी शोधायला लावा. पळत सुटला: 'ही रॅन ऑफ'. कामाला लागले: 'दे गॉट डाउन टू वर्क'. तिला रडू कोसळलं: 'शी बर्स्ट इंटू टिअर्स', किंवा 'शी बर्स्ट आउट क्रायिंग'. 'इंटू'नंतर नाम येतं, 'आउट'नंतर 'इंग'वालं रूप; इथं हमखास सरमिसळ होते.

'सेट इन'साठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे, झड. झड लागली: 'द रेन्स हॅव सेट इन.' एक सर येऊन गेली तर हे चालत नाही. जे एकदा सुरू झालं की मुक्काम ठोकतं, आणि बहुतेक वेळा नकोसं असतं, त्यालाच 'सेट इन' लागतं: थंडी, जखमेतला संसर्ग, लाकडाची कूज, निराशा. लग्नसराई किंवा शाळा 'सेट इन' होत नाही.

पेरणीनंतर 'बियाणं निघालं' म्हणतो ते 'निघणं' आणखी वेगळं: 'द सीड्स हॅव कम अप.' जमिनीतून वर येतं म्हणून 'अप'. फूल मात्र 'कम्स आउट'.

बडनेरा_फलाट
बसचं वाक्य. 'टेक ऑफ' विमानाचं, पक्ष्याचं, किंवा माणूस अचानक निघून गेला तर त्याचं. धंद्याला एकदम तेजी आली तरी तेच. वेळापत्रकानं सुटणाऱ्या एसटीला साधं 'लेफ्ट' पुरतं. हालचाल दाखवायची तर 'पुल्ड आउट'. रेल्वे बडनेऱ्याला 'पुल्स इन', थांबते, मग 'पुल्स आउट'. फलाटावर उभं राहून लांब जाणारी गाडी पाहत असाल तर 'पुल्स अवे'. 'आउट'मध्ये आतून बाहेर पडणं आहे, 'अवे'मध्ये वाढत जाणारं अंतर, 'ऑफ'मध्ये चिकटलेलं सुटणं.

एवढ्यावर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नका. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे लाइन गेली, आणि 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म वाजायला लागला. तोच 'ऑफ', एकीकडे बंद, दुसरीकडे सुरू. असे अपवाद नियमात कोंबू नयेत, वाक्यासकट पाठ करून घ्यावेत.

दर्यापूर_ग्रामर
आगीचं वाक्य नि स्टेशनवर निरोप द्यायला जाण्याचं, 'सी ऑफ'चं वाक्य, दोन्हीचं मूळ एकाच प्रश्नात आहे: या क्रियापदाला कर्म आहे का? 'ब्रेक आउट'ला नाही. आग, युद्ध, साथ, मारामारी आपणहून 'ब्रोक आउट' होते, म्हणून 'वॉज' घालायला जागाच नाही: 'अ फायर ब्रोक आउट ॲट द जिनिंग मिल.' मराठीत 'आग लागली' असतानाही मुलं 'वॉज' घालतात, कारण भूतकाळ म्हणजे 'वॉज' असं डोक्यात बसलेलं असतं. 'सेट इन'लाही कर्म नाही.

'सी ऑफ', 'किक ऑफ' (सुरुवात करणं), 'स्टार्ट अप'ला कर्म आहे आणि ते मध्ये बसू शकतं. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: 'स्टार्ट अप द मोटर', 'स्टार्ट द मोटर अप'. सर्वनाम असेल तर एकच जागा, मध्ये: 'सी हिम ऑफ', 'स्टार्ट इट अप'. तोंडी सराव असा घ्या: तुम्ही नामाचं वाक्य म्हणा, वर्गानं सर्वनाम घालून परत म्हणायचं. पण 'गेट डाउन टू' या रांगेत घेऊ नका. तिथला 'टू' शब्दयोगी आहे. सर्वनाम त्याच्या नंतर येतं, आणि क्रियापद आलं तर 'इंग'सह: 'गेट डाउन टू स्टडिंग'. 'टू स्टडी' लिहिलं की चूक.

उच्चारही शिकवा. क्रियापद असेल तर जोर मागच्या शब्दावर, टेक *ऑफ*. नाम झालं की जोर पुढे येतो, *टेक*ऑफ.

'आय ॲम कमिंग' हे आपल्या 'येतो'चं सरळ भाषांतर. घरून निघताना 'जातो' म्हणायचं नाही ही आपली रीत, इंग्रजीत ती नाही; ऐकणाऱ्याला वाटेल पोरगं आत येतंय. मित्राला 'आय ॲम ऑफ', सरांना 'मे आय लीव्ह नाऊ, सर?'

पऱ्हाटी_इंग्रजी
रेघ मारायची युक्ती सोमवारी करून पाहते. 'सेट ऑफ' आणि 'सेट आउट'मध्ये फरक कसा सांगू? 'स्टार्ट ऑफ', 'स्टार्ट आउट'चंही तेच.

वऱ्हाडी_व्याकरण
प्रवासाला दोन्ही 'सेट' चालतात, तिथं मार्क कापू नका. फरक पुढे पडतो. 'सेट आउट टू' अधिक क्रियापद म्हणजे मनाशी धरून निघणं: 'शी सेट आउट टू लर्न इंग्लिश.' पोचली की नाही, ते वाक्य सांगत नाही. 'सेट ऑफ'ला कर्म दिलं तर अर्थच बदलतो: फटाके उडवणं, अलार्म वाजवणं, भांडणाला तोंड फोडणं. 'सेट अबाउट' म्हणजे कामाला हात घालणं, पुढे 'इंग'.

'स्टार्ट आउट' आयुष्याच्या किंवा धंद्याच्या सुरुवातीला: 'ही स्टार्टेड आउट ॲज अ क्लर्क', म्हणजे आता तो बहुधा कारकून नाही. 'स्टार्ट ऑफ' एखाद्या कार्यक्रमाच्या पहिल्या पायरीला, पुढे 'विथ' किंवा 'बाय'.

अर्थांची ही गुंतागुंत जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परभाषकांना सगळ्यात जड जातात ती अशी जोडक्रियापदं. त्याच्या उदाहरणांत 'सेट आउट' आणि 'सेट इन' आजच्याच अर्थानं आहेत, पण 'सेट ऑफ' म्हणजे शोभा वाढवणं आणि 'टेक ऑफ' म्हणजे नक्कल करणं. हे दोन्ही अर्थ अजून वापरात आहेत. दहावीच्या वर्गात मात्र आत्ता आणू नका, आधी 'लेफ्ट फॉर' पक्कं होऊ द्या.