ज्या ख्रिस्ती पुस्तकाशी पटलं नाही, त्याचं तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

पानखूण
काल कपाट आवरताना एक जुनं पुस्तक हाती आलं. बाबा आजारी असताना मंडळीतल्या एका मावशींनी दिलेलं. लेखकाचं म्हणणं एकच, विश्वास पुरेसा असेल तर आजार टिकत नाही. बाबा गेल्यावर मी ते मागच्या रांगेत कोंबलं होतं. कित्येक महिने वाटायचं, माझीच प्रार्थना कमी पडली.

काल उघडलं तर समासात माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने, "मग त्रफिम?" एवढंच. कधी लिहिलं आठवत नाही. त्रफिम हा प्रेषित पौलाचा सोबती, आणि पौल त्याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला (2 तीमथ्य 4:20). आपल्या शिष्याला, तीमथ्याला, तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. पुस्तकात यातलं काहीच नाही. त्याची सगळी इमारत 3 योहान 2 वर ("तुला आरोग्य असावं अशी मी प्रार्थना करतो"), आणि ते गायस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीचं क्षेमकुशल आहे!

पण त्यातलंच उपकारस्तुतीवरचं प्रकरण रात्री परत वाचलं आणि डोळे भरून आले. ते खरंच चांगलं आहे. तुमचे अनुभव सांगा, तुटक लिहिलंत तरी चालेल.

दुपारची_वेळ
वाचून गलबलले. आमच्याकडेही हेच झालं, भावाच्या वेळी. जास्त लिहवत नाही. तुमची प्रार्थना कमी पडली नव्हती, एवढंच.

शेवटचा_बाक
माझं उलटं. मी चुका पकडायलाच वाचायचो. बायबल अभ्यासात एकदा तावातावाने सांगितलं, हा लेखक कृपेबद्दल साफ चुकलाय. एक आजी म्हणाल्या, "आधी त्याचं म्हणणं सांग. असं सांग की तो इथे बसला असता तर हो म्हणाला असता." मला जमेना, कारण दोनच प्रकरणं वाचली होती. घरी येऊन पूर्ण वाचलं. माझा आक्षेप राहिला, पण निम्मा. उरलेला निम्मा पाचव्या प्रकरणात त्यानेच सोडवला होता.

समास
पेन्सिलच बरी. पेनने लिहिलेलं दहा वर्षांनी खोडता येत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात मात्र मी चिठ्ठ्याच घालते.

निळी_शाई
यिर्मया 29:11 बद्दल (देवाच्या मनात तुमच्या हिताचेच संकल्प आहेत, ते वचन) कोणीतरी लिहाच. किती पुस्तकांत ते वचन "तुझी नोकरी, तुझं लग्न" म्हणून येतं! वरचंच वचन वाचा, सत्तर वर्षं बाबेलच्या बंदिवासात राहायचंय. ऐकणाऱ्यांतले किती जण परत यायला जिवंत असणार होते? मला ते वचन आता जास्त प्रिय आहे, कमी नाही. पण लेखकाने मला दहावं वचन दाखवायला हवं होतं. तेव्हापासून पुस्तकात वचन आलं की आधीची आणि नंतरची पाच-पाच वचनं वाचल्याशिवाय पुढे जात नाही. वेळ लागतो.

शेवटचा_बाक
@निळी_शाई फिलिप्पै 4:13 चंही ("मला सर्व काही शक्य आहे") तेच. बारावं वचन टंचाईत राहण्याबद्दल आहे.

ओलं_अंगण
बाळ उठायच्या आत लिहिते. आम्ही प्रौढांच्या बाप्तिस्म्याचे. मैत्रिणीने बालबाप्तिस्म्याच्या बाजूचं पुस्तक दिलं. मला वाटायचं, त्यांच्याकडे परंपरेशिवाय काही नाही. पण लेखक अब्राहामाशी केलेल्या करारापासून सुरू करून घराण्यासकट बाप्तिस्मा घेतलेल्या लुदियेपर्यंत आला, पायरी पायरीने. माझं मत बदललं नाही. पण "ते शास्त्र वाचत नाहीत" हे मी पुन्हा कधी म्हणाले नाही. उठला, येते नंतर

जुनं_दप्तर
धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522 च्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यातल्याच याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं (म्हणजे कमी मोलाचं) पत्र म्हटलं होतं. नंतरच्या आवृत्त्यांत ते वाक्य गळलं. मी याकोबावर जीव टाकणारा माणूस, वर्षभर ल्यूथरला हात लावला नाही. मग गलतीकरांस पत्रावरचं त्याचं लिखाण वाचलं आणि वाटलं, वर्ष वाया घालवलं. आणि प्राचीन मंडळीचा थोर लेखक ऑगस्टीन! शेवटच्या वर्षांत स्वतःचीच 93 पुस्तकं पुन्हा तपासून, कुठे चुकलो ते लिहून ठेवलं. लेखक स्वतःशी असहमत होऊ शकतो, तर आपल्याला घाबरायचं काय?

दुपारची_वेळ
पण लेखकाचं वागणंच खोटं निघालं तर? ज्यांच्या पुस्तकांनी मला प्रार्थना शिकवली, त्यांनी लोकांना दुखावलं होतं हे नंतर कळलं. मजकूर तोच आहे, पण मला वाचवत नाही. कोणाला देतही नाही, कारण दुखावलेल्यांपैकी कोणी ते माझ्या हातात पाहिलं तर?

समास
@दुपारची_वेळ नका वाचू. शिकलेली प्रार्थना तुमचीच आहे.

जुनं_दप्तर
इथे माझं मत थोडं वेगळं, पण आज वाद नको.

नवा_वाचक
बिरुया शहरातल्या लोकांनी पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून तपासलं, दररोज. आणि मोठ्या मनाचे म्हटलंय त्यांना. एवढंच लिहायला आलो. कोणी मोठ्या अक्षरांचं समासात संदर्भ दिलेलं बायबल वापरतं का? डोळे दुखतात.

पानखूण
सगळ्यांचे आभार. मावशींना आज फोन केला. त्या म्हणाल्या, पुस्तक त्यांनाही त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी कोणीतरी दिलं होतं, त्यांच्याकडून वाचून झालं नाही म्हणून प्रेमाने मला दिलं. त्रफिमाचं सांगितलं तर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कुठे आहे ते, परत सांग, लिहून घेते."

ओलं_अंगण
आले परत. @नवा_वाचक मी फोनवरच अक्षर मोठं करून वाचते, पण टिपा घ्यायच्या तर वही लागतेच.