लेक कम्युनिटी कॉलेजला लिबरल आर्ट्स घ्यायचं म्हणतेय, मदत हवी आहे

सातारची_लेक
नमस्कार मंडळी, आम्ही कुपर्टिनोजवळ राहतो आणि लेकीचं हायस्कूल या महिन्यात संपतंय. हव्या त्या यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) नंबर लागला नाही, तर बाईसाहेबांनी जाहीर केलंय की डी अँझाला (इथलं कम्युनिटी कॉलेज) दोन वर्षं लिबरल आर्ट्स करणार आणि मग ट्रान्सफर घेऊन तिसऱ्या वर्षाला यूसीत. सायकॉलॉजी की सोशिऑलॉजी ते अजून ठरत नाहीये. नवरा म्हणतो आर्ट्सच करायचं होतं तर एवढ्या एपी (हायस्कूलमधले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) कशाला करून घेतल्या, सासूबाई फोनवर विचारतात म्हणजे आयटीआय का गं, आणि मला दोघांना नीट सांगता येत नाही कारण मलाच पूर्ण कळलेलं नाहीये 😅

पैशाचा प्रश्न नाही. रेसिडेंट असल्यामुळे युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ३१ डॉलर, ट्रान्सफरला लागणारे ९० युनिट धरले तरी २७९०, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. पण तिथे लिबरल आर्ट्समध्येच परत आर्ट्स अँड लेटर्स, सोशल अँड बिहेविअरल सायन्सेस असे प्रकार दिसतात, त्यातलं कुठलं घ्यायचं? चुकीचं घेतलं तर ट्रान्सफर अडतं का? आणि टॅग टॅग (ट्रान्सफरला प्रवेशाची हमी) म्हणतात तो बर्कलीला चालतो का?

बे_एरियाकर
आधी टॅगचं. यूसीच्या बर्कली, एलए, सॅन डिएगो या तिघांना टॅग नाही. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ यातला एकच निवडायचा, सप्टेंबरमध्ये भरायचा, आणि तरी नंतर यूसीचा नेहमीचा अर्ज करावाच लागतो, हे लोक विसरतात. काही मेजर (मुख्य विषय) टॅगमध्ये बसतही नाहीत.

डिग्रीच्या नावावर फार डोकं लावू नका हो. यूसीला असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची) लागतच नाही, ते बघतात युनिट, जीपीए आणि त्या मेजरसाठी मागितलेले कोर्स. असिस्ट डॉट ऑर्गवर डी अँझा आणि हवा तो कॅम्पस टाका, मेजर निवडा, यादी येते. सायकॉलॉजीला स्टॅटिस्टिक्स, रिसर्च मेथड्स वगैरे बऱ्याच ठिकाणी मागतात आणि नुसतं लिबरल आर्ट्स पुरं केलं तर नेमके तेच राहून जाऊ शकतात. कॅल स्टेटला (इथली दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) जायचं असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे ट्रान्सफरवाली असोसिएट डिग्री खरंच कामाची.

मिस्टरांना सांगा, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना आपल्याकडे, तसंच, फक्त इथे थेट तिसऱ्या वर्षाला.

क्वार्टरवाली
मी डी अँझातूनच ट्रान्सफर झालेय. १२ युनिटला फुलटाइम म्हणतात म्हणून पोरं १२ च घेतात, पण दोन वर्षांत समर सोडून सहा क्वार्टर (सत्रं), गुणिले १२ म्हणजे ७२ झाले, लागतात ९०! म्हणजे दर क्वार्टरला १५ तरी घ्या नाहीतर समरला क्लास करा. काउन्सेलरकडे बसून एज्युकेशन प्लॅन लवकर करून घ्या, नाहीतर रजिस्ट्रेशनची तारीख उशिराची मिळते आणि तोवर स्टॅट्सचे बरे सेक्शन भरलेले असतात, मग वेटलिस्टवर बसा.

आणि जुन्या धाग्यांमधलं आयजीईटीसी (ट्रान्सफरसाठी करायच्या जनरल कोर्सची जुनी यादी) वाचून प्लॅन करू नका, २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना कॅल-जीईटीसी आहे. ११ कोर्स, त्यात ओरल कम्युनिकेशन सगळ्यांना, एथनिक स्टडीज पण. लाजरी असेल तर स्पीचचा क्लास शेवटी ठेवू नका 😄

सातारची_लेक
बापरे, हे ७२ चं डोक्यातच आलं नव्हतं! पुढच्या समरला सातारला जायचं ठरत होतं, आता ते बघावं लागेल. लाजरी कसली, घरात तीच बोलते.

एपी तीन आहेत, त्यांचे युनिट धरतात का?

बे_एरियाकर
३ किंवा वर स्कोअर असेल तर यूसी युनिट देते. पण त्याने मेजरचा कोर्स सुटतो का ते कॅम्पसगणिक वेगळं, तेही असिस्टवर बघा. आणि स्कोअर डी अँझालाही पाठवा.

सातारची_लेक
स्कोअर जुलैत येतील. आज रात्री नवऱ्यालाच लॅपटॉपपुढे बसवते, त्याला याद्या फार आवडतात.