मदत हवी आहे : इंग्लंडमधील वृद्ध रुग्णांच्या बोलण्यातील वाक्प्रचार कसे समजून घ्यावेत?

नमस्कार. मी परिचारिका असून सोलापुरात सात वर्षे काम केल्यानंतर गेल्या पाच महिन्यांपासून इंग्लंडच्या उत्तर भागातील एका रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डमध्ये काम करते. येण्यापूर्वी मी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झाले होते आणि आजारांच्या किंवा औषधांच्या नावांपाशी माझे काही अडत नाही. अडते ते ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या आजी-आजोबांच्या घरगुती बोलण्यापाशी.

दोन आठवड्यांपूर्वी एका आजींनी सकाळी मला सांगितले, की त्यांना ‘फनी टर्न’ आला होता. त्या काही गमतीचा प्रसंग सांगत आहेत असे समजून मी हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ परिचारिकेने ते ऐकले, ती लगेच आली आणि तिने आजींचा रक्तदाब मोजला, तेव्हा तो बराच उतरलेला होता. फनी टर्न म्हणजे एकाएकी घेरी येणे, आणि ‘आय हॅव कम ओव्हर ऑल फनी’ असे कोणी म्हणाले तरी जवळपास तोच अर्थ घ्यायचा, हे मला तिच्याकडून कळले. आजी आता बऱ्या आहेत, पण माझे ते हसणे मनातून जात नाही.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. ‘स्पेंड अ पेनी’ म्हणजे लघवीला जाणे. पूर्वी इथल्या सार्वजनिक शौचालयांच्या दाराचे कुलूप एका पेनीचे नाणे टाकल्यावर उघडत असे, हे समजल्यावर तो शब्द पक्का लक्षात राहिला. ‘वॉटरवर्क्स’ची तक्रार लघवीचीच असते, तर ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणजे आपल्या मुंग्या येणे. ‘कावळा शिवला’ किंवा ‘दिवस गेले’ हे ऐकून परक्या परिचारिकेचाही असाच गोंधळ उडाला असता, त्यामुळे आडून बोलण्याबद्दल माझी तक्रार नाही.

असे शब्द विचारून कळतात. सौम्य शब्दांचे तसे नाही. ‘अंडर द वेदर’ म्हणजे थोडे बरे नसणे, एवढे शब्दकोश सांगतो. ‘पूअरली’ हा शब्द तर सर्दी झालेल्या नातवासाठीही वापरतात आणि अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरही ‘व्हेरी पूअरली’ असेच म्हणतात. वेदना शून्य ते दहा या अंकांत सांगा असे विचारले, तर काही आजोबा अंक न सांगता ‘मस्टन्ट ग्रंबल’, म्हणजे कुरकुर करू नये, एवढेच म्हणतात, आणि त्यांना खरोखर बरे वाटते आहे की आम्हाला त्रास नको म्हणून ते दुखणे गिळत आहेत, हे मला ओळखता येत नाही.

इथल्या रुग्णालयांत किंवा वृद्धाश्रमांत काम केलेल्या कोणी मला दोन गोष्टी सांगाल का? ज्यांच्याआड गंभीर त्रास दडलेला असू शकतो, असे आणखी कोणते वाक्प्रचार तुमच्या कानावर आले आहेत? आणि ‘म्हणजे नेमके काय होते आहे?’ हे इंग्रजीत कोणत्या शब्दांत विचारले असता वयस्कर माणसाला ते उद्धटपणाचे वाटत नाही? सोमवारपासून मला रात्रपाळी आहे आणि रात्री वॉर्डमध्ये विचारायला माणसे कमी असतात, म्हणून त्याआधी उत्तर मिळाले तर फार उपकार होतील.