मदत हवी आहे: १९४५ चा खून खटला, बेळगाव. निकालाची नक्कल कुठं मिळेल?

शहापूरची_नात
माझ्या आजीच्या थोरल्या भावाचा खून झाला होता. सराफाकडं गुमास्ता होते, रात्री पेढी बंद करून घरी येताना वार झाले. कुणी केलं हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, उघड नाव घ्यायचे. पण त्याला शिक्षा झाली की तो सुटला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पणजोबांनी तो विषय कधी काढू दिला नाही. आजी नव्वदीच्या पुढं आहे आणि अजून हेच विचारते. एका कार्यालयात चौकशी केली तर अशी केसच रजिस्टरला नाही म्हणाले. खटला चाललाच नाही असं कसं होईल? निकाल कुठं मिळेल एवढंच सांगा, लवकर.

खानापूरकर
केस नंबर? पोलीस ठाणं कुठलं? आरोपीचं नाव? १९४५ हे साल कशावरून?

शहापूरची_नात
नंबर असता तर इथं कशाला विचारलं असतं? आजी म्हणते, लढाई संपली त्या साली, दिवाळी होऊन गेल्यावर. आरोपीचं नाव इथं लिहिणार नाही, त्याची नातवंडं आमच्याच भागात राहतात.

धारवाडी_अण्णा
एवढं काय अवघड आहे ओ? माहिती अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आमच्या जमिनीचे कागद मी असेच काढलेत बघा.

वकील_निपाणी
जमिनीचे कागद वेगळे, कोर्टाची फाईल वेगळी. कोर्टाच्या नियमात नक्कल मिळायची सोय असेल तर माहिती अधिकाराचा रस्ता धरता येत नाही, हे २०२० साली सुप्रीम कोर्टानं गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टँप लावा. तुम्ही खटल्यात पक्षकार नाही, तेव्हा नक्कल कशासाठी हवी ते प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. दुसरं, बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. अपील झालं असेल तर ते मुंबई हायकोर्टात. हायकोर्टाचे निकाल छापणाऱ्या बॉम्बे लॉ रिपोर्टरचे १९४६-४७ चे खंड आधी चाळा.

धारवाडी_अण्णा
मुंबईला कशाला पाठवालाय त्यांना? राज्य बदललं तेव्हा फायली म्हैसूरकडं आल्या. आता धारवाडला खंडपीठ आहे, तिथं विचारा.

वकील_निपाणी
चालू प्रकरणं आली. निकाली निघालेली दहा वर्षांपूर्वीची फाईल कोण कशाला उचलून आणेल?

सीमावासी
हेच तर आपलं दुखणं. आजोबाच्या खुनाचा कागद शोधायलाही दोन राज्यांचे उंबरे झिजवायचे. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, आमची पिढी संपत आली…

खानापूरकर
सीमाप्रश्नाचा धागा वर आहे, तिथं लिहा की. इथं त्या बाईंचं काम होऊ दे.

नंदगडचा
न्यायाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या नंदगडला २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. जाऊन बघून या सगळ्यांनी.

जुने_खटले
ताई, पुरावा नव्हता म्हणून सुटला असेल असं धरून चालू नका. पुण्याच्या डॉ. अनंत लागूचा खटला बघा. १९५६ साली लक्ष्मीबाई कर्वेंना त्यानं पुणे-मुंबई गाडीच्या प्रवासात विष दिलं. तपासणीत विष सापडलंच नाही. पण बाई गेल्यावर त्यानं त्यांची मालमत्ता कशी लाटली, खोटी पत्रं कशी धाडली, ही सगळी साखळी जुळली आणि १९५९ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली.

शहापूरची_नात
माहितीबद्दल आभार, पण मला लागूचं काय झालं ते नको आहे. आमच्या माणसाच्या मारेकऱ्याचं काय झालं ते हवंय.

मोडीवाचक
एक विचारतो. तुमच्या नावातलं शहापूर ते बेळगावातलंच ना? आणि खून शहापुरातच झाला का?

शहापूरची_नात
मग दुसरं कुठलं? घर तिथंच, पेढी तिथंच. आजही तिथंच राहतो.

मोडीवाचक
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! १९४५ ला शहापूर इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात नव्हतंच, सांगली संस्थानात होतं. पोलीस सांगलीचे, न्यायाधीश सांगलीचे. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, त्यानंतर शहापूर बेळगावला जोडलं गेलं. त्या कार्यालयाचं रजिस्टर बरोबर असेल, तुमची केस त्यात नोंदवायचं कारणच नव्हतं. मुंबई हायकोर्टाचाही संस्थानी खटल्याशी संबंध नाही, त्यामुळं लॉ रिपोर्टर चाळून हाती काही लागणार नाही. घरात त्या वेळचा एखादा कागद आहे का? अर्ज, पावती, समन्स, काहीही.

वकील_निपाणी
शहापूर म्हटलं की चित्रच बदललं. मोडीवाचक म्हणतात ते बरोबर.

शहापूरची_नात
हे आम्हाला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. पणजोबांच्या ट्रंकेत एक कागद आहे, त्याचा फोटो टाकते. वर 'संस्थान सांगली' छापलंय, खाली मोडी आहे. घडीवर फाटलाय आणि जांभळा शिक्का पुसट झालाय. शिक्क्यात 'कोल्हापूर' एवढंच लागतं.

मोडीवाचक
भिंगातून वाचला. पणजोबांचा दरबाराकडं केलेला अर्ज आहे. तिसऱ्या ओळीत लिहिलंय की आरोपी 'खालसात जाऊन बसला आहे'. खालसात म्हणजे इंग्रजी हद्दीत. शहापुरातून चालत बेळगावात शिरलं की माणूस दुसऱ्या सरकारच्या मुलखात, तिथं सांगलीच्या फौजदाराला हात लावता येत नसे. १९०३ च्या प्रत्यर्पण कायद्याप्रमाणं संस्थानानं रेसिडेंटकडं, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीकडं, मागणी करायची, त्यानं बेळगावच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या नावे वॉरंट काढायचं, मग धरपकड. दख्खनच्या संस्थानांचा रेसिडेंट कोल्हापुरात बसायचा, तेव्हा शिक्का बहुतेक तिथलाच.

शहापूरची_नात
आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा रोज सकाळी बेळगावात जाऊन तो बसायचा त्या हॉटेलापुढं उभे राहायचे." म्हणजे तो डोळ्यांसमोर होता आणि धरता येत नव्हतं. मग वॉरंट निघालं का?

मोडीवाचक
तेच शोधायचंय. सांगलीत आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तराची चौकशी करा. वॉरंट निघालं असेल तर त्याची नोंद बेळगावच्या मॅजिस्ट्रेटकडं आली असणार, म्हणून इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयातही १९४५-४६ ची आवक-जावक बघायला मागा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या चाळता येतं, तिथं रेसिडेन्सीच्या नावानं शोधा.

धारवाडी_अण्णा
जिल्हाधिकारी कार्यालयाला माहिती अधिकार चालतोय की. मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. अर्ज कन्नडमध्ये लिहून हवा असेल तर मी देतो, आजच.

वकील_निपाणी
तिथं चालेल, मान्य. पण आधी महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढा. शहापूरची जुनी नोंदवही मिळाली तर तारीख नक्की होईल. तारखेशिवाय दप्तरात हात घालणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

शहापूरची_नात
अण्णा, अर्ज लिहून द्याच. सोमवारी महापालिकेत जाते, आणि सांगलीला भाऊ जाईल.

मोडीवाचक
जायच्या आधी एक करा. कागदाच्या मागच्या बाजूलाही शाई उमटलेली दिसते. तिथं शेरा असेल, बहुधा दरबारचा. मागचा फोटो टाका, उजेडात धरून.