कार्ब्युरेटरच्या जिप्सीतील व्हॅक्यूमच्या नळ्या कमी करायच्या असल्यास कोणत्या काढाव्यात?

चिमूररोड (प्रश्न):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ ची जिप्सी किंग आहे, १२९८ सीसी इंजिनाची आणि कार्ब्युरेटरची. आमचे गाव चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या बफर क्षेत्राला लागून आहे. गाडी सफारीत कधीच नव्हती. वडिलांनी ती शेतीसाठी घेतली आणि आजही खताची पोती वाहणे व पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या माणसांना दवाखान्यात पोचवणे ही कामे तीच करते, त्यामुळे ती विकण्याचा प्रश्नच येत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून तिचे आयडलिंग (जागेवर उभी असताना इंजिनाचे मंद फिरणे) स्थिर राहत नाही. वेग दिला की कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येतो. एअर फिल्टरचा डबा काढून पाहिला, तर खालच्या व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या) बारीक नळ्या इतक्या वाळल्या होत्या की त्यातली एक बोटाने दाबताच पापडासारखी मोडली. तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा ‘या सगळ्या प्रदूषणाच्या नळ्या आहेत, यांचा काही उपयोग नाही’ असे सांगून तिथल्या माणसाने दोन नळ्यांच्या तोंडात बोल्ट घातले, एक दोरीने बांधून टाकली आणि डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची) नळी जवळच्या दुसऱ्या तोंडाला जोडली. तेव्हापासून आयडलिंग सतत वर असते आणि वीसेक किलोमीटर गेल्यावर पेट्रोल येईनासे होऊन गाडी बंद पडते. टाकीचे झाकण उघडले की हवा आत ओढल्याचा मोठा आवाज होतो आणि मग ती पुन्हा सुरू होते.

बाहेरून बसवून घेतलेला एसी आम्ही काही वर्षांपूर्वी काढला, पण त्याच्या दोन नळ्या आणि एक सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) अजून तिथेच लोंबकळत आहेत. मला नळ्यांचे हे जंजाळ खरोखर कमी करायचे आहे, मात्र या वेळी समजून उमजून करायचे आहे.

वरोरा_वर्कशॉप:
भाऊ, तुमच्या गाडीत दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळले आहेत, म्हणून आधी ते वेगळे करू.

पेट्रोल थांबण्याचा बिघाड टाकीच्या श्वासाचा आहे. टाकीतून जेवढे पेट्रोल खर्च होते तेवढी हवा आत यावी लागते. टाकीतली वाफ वाहून नेणारी नळी चारकोलच्या काळ्या डब्याकडे जाते, ती वाफ डब्यातल्या कोळशात साठते आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळते. बोल्ट घातलेल्या नळ्यांपैकी एक बहुतेक हीच आहे. झाकणातही हवा आत घेणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, परंतु पंचवीस वर्षांच्या धुळीने तो चिकटला असावा, त्यामुळे टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. ही नळी आजच्या आज मोकळी करून डब्याला परत जोडा. ती नुसती उघडी सोडून देणेही चुकीचे आहे, कारण नवतपात टाकीतून निघणारी पेट्रोलची वाफ गरम इंजिनाच्या आसपास साचणे फार धोक्याचे असते.

आयडलिंग वर राहण्याचे कारण डिस्ट्रिब्युटरची चुकीची जोडणी हे आहे, असे मला वाटते. टायमिंग ॲडव्हान्सची (ठिणगी थोडी आधी पाडणारी) ही नळी कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या, पातीच्या किंचित वर असलेल्या छिद्रातून निघते. पाती बंद असताना, म्हणजे आयडलिंगला, त्या छिद्रावर व्हॅक्यूम नसतो, आणि पाती थोडी उघडली की तो मिळू लागतो. तीच नळी थेट मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणाऱ्या मार्गाला) जोडली तर इंजिन जागेवर उभे असतानाही ठिणगी लवकर पडते आणि आरपीएम चढतात. नळी तिच्या मूळ जागी आणण्यापूर्वी एक तपासणी करा. नळी तोंडात धरून हवा ओढा आणि जिभेने तोंड बंद करा. जीभ चिकटून राहिली तर डिस्ट्रिब्युटरचा डायफ्रॅम (व्हॅक्यूमने हलणारा पातळ पडदा) शाबूत आहे आणि हवा येतच राहिली तर तो फाटला आहे, मग कितीही नव्या नळ्या घातल्या तरी व्यर्थ. नंतर ठिणगीची वेळ तपासायला टायमिंग लाइट लावताना ही नळी काढून तिचे तोंड बंद ठेवावे लागते, हे बरेच जण विसरतात.

काढण्यासारख्या नळ्या कोणत्या, तर तुमच्याच सांगण्याप्रमाणे एसीच्या. एसी चालू झाल्यावर आयडलिंग उचलण्यासाठी ते सोलेनॉइड होते. कॉम्प्रेसर गेला, तेव्हा सोलेनॉइड, त्याच्या दोन्ही नळ्या आणि मधला टी-जोड काढून टाका आणि मॅनिफोल्डच्या तोंडावर रबराची टोपी घट्ट क्लिपसह बसवा. इंजिनाच्या कव्हरमधून वाफ ओढणारी जाड नळी मात्र अजिबात बंद करू नका, कारण ती बंद केली की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोटात) दाब वाढतो आणि तेल सील फोडून बाहेर येते. ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेक हलका करणाऱ्या भागाच्या) नळीला तर हातच लावू नका, फक्त ती तपासा. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले की बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो आहे असे समजावे.

मोहर्ली_फाटक:
मी सफारीच्या गाड्यांवर काम करतो आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे घाईत सलाइनची नळी लावण्याची सवय आहे. ती पारदर्शक, स्वस्त आणि कुठेही मिळणारी असली तरी इंजिनाच्या उष्णतेने मऊ होते आणि व्हॅक्यूमने आतून चिपकते, त्यामुळे नळी बाहेरून जोडलेली दिसते पण हवा जात नाही. तेल आणि पेट्रोलची वाफ सोसणारी रबराची नळीच घ्या आणि ती तोंडावर घट्ट बसेल इतक्या आतल्या व्यासाची असावी. गाडी कोठ्यात ठेवत असाल तर महिन्यातून एकदा बॉनेट उघडून पाहा, कारण उंदीर या नळ्या फार कुरतडतात आणि कडबा जवळ असला की त्यांची वस्ती वाढते.

शारजा_ते_वणी:
मी नऊ वर्षे शारजात एका वर्कशॉपमध्ये होतो आणि तिथे माझदाच्या आरएक्स-७ गाड्या पुष्कळ येत. तिच्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात, ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर फिरतात, आणि दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे पंखे) एकामागोमाग कामाला लागतात. पहिला टर्बो खालच्या आरपीएमला हवा देतो, साधारण ४५०० च्या आसपास दुसरा त्याला येऊन मिळतो, आणि ही अदलाबदल करण्यासाठी इनटेकच्या खाली सोलेनॉइडांची रांग आणि बारीक नळ्यांचे जाळे असते. तिथल्या उष्णतेत त्या नळ्या काही वर्षांत काचेसारख्या कडक होत. एक नळी निसटली की दुसरा टर्बो लागत नसे किंवा अदलाबदलीच्या वेळी दाब कोसळत असे, आणि ग्राहकाला वाटे की टर्बोच गेला.

तिथे दोन प्रकारची माणसे येत. काहींना सगळ्या नळ्या काढून दोन्ही टर्बो सुरुवातीपासून एकत्र फिरवायचे असत. त्यात बिघाड कमी होतात हे खरे, पण खालच्या आरपीएमला गाडी जड होते, कारण लहानशा प्रवाहावर दोन टर्बो फिरवायला वेळ लागतो. दुसरी माणसे फक्त प्रदूषण नियंत्रणाच्या अनावश्यक नळ्या काढून टर्बोंचा क्रम तसाच ठेवत आणि उरलेल्या नळ्या सिलिकॉनच्या घालत. शहरात रोज चालवणाऱ्यांना मी हा दुसराच मार्ग सुचवत असे.

त्या इंजिनात तेलाच्या नोझलांना जोडलेल्या काही बारीक नळ्या असतात, ज्या फक्त स्वच्छ हवा आत येऊ देतात. दिसायला त्या सर्वांत निरुपयोगी, पण त्या बंद करून चालत नाही. एका मालकाने त्यांना टोप्या लावून गाडी आणली होती. आम्ही नळ्या परत जोडल्या आणि त्यानंतर नवा नियम केला: कोणतीही नळी काढण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, फोटो काढायचा आणि एका वेळी एकच नळी काढून इंजिन सुरू करून पाहायचे. जिप्सीतही हीच पद्धत धरा. गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारू नका, आग लागू शकते. पाण्याची फवारणी करा किंवा चिमट्याने एकेक नळी दाबा. आरपीएम बदलले की गळतीची जागा सापडली. व्हॅक्यूम गेज मिळाला तर मॅनिफोल्डला लावा. निरोगी इंजिनात आयडलिंगला पाऱ्याचे साधारण १७ ते २१ इंच दिसले पाहिजेत आणि काटा थरथरायला नको.

चिमूररोड:
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी पहाटे पाच वाजता ऊन व्हायच्या आत काम सुरू केले. बोल्ट घातलेली एक नळी टाकीचीच निघाली. ती काळ्या डब्याला जोडली आणि झाकणातला व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतल्यावर तो हालू लागला. शेगावपर्यंत जाऊन आलो, गाडी कुठेही थांबली नाही. डिस्ट्रिब्युटरचा डायफ्रॅम शाबूत आहे आणि नळी वरच्या तोंडाला लावल्यावर आयडलिंग ८५० वर आले. एसीच्या नळ्या, सोलेनॉइड आणि टी-जोड काढून टोपी लावली, तिथे आता इतकी जागा झाली आहे की कार्ब्युरेटरचा स्क्रू प्रथमच सरळ दिसतो. बहिणीचे लाल नेलपॉलिश मात्र संपले.

वरोऱ्याच्या भाऊंकडून गेज आणून लावला, काटा १८ वर स्थिर आहे. ब्रेकची तपासणी केली, तेव्हा इंजिन चालू असताना पेडल बरोबर खाली जाते, पण रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी पहिल्याच दाबाला ते दगडासारखे लागते. म्हणजे बूस्टरच्या नळीतला नॉन-रिटर्न (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरून ठेवत नसावा. तो नागपूरहून मागवला आहे आणि येईपर्यंत गाडी फक्त शेतापर्यंत नेणार आहे.