मदत हवी आहे: कार्ट्रिजमधला सेव्ह (साठवलेला खेळ) कसा वाचवू?

गेम बॉयची (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा जुना गेम) जुनी कार्ट्रिजं यूएसबी रीडर लावून कॉम्प्युटरवर उतरवून घेतोय. बाकीची निमूट उतरली, एक मात्र छळतंय. रॉम (मूळ गेमचा डेटा) दोनदा काढला. दोन्ही फाइली 1 एमबीच्याच, पण चेकसम (फाइल बरोबर उतरली का ते तपासायचा आकडा) जुळत नाही. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, बोळा काळाकुट्ट झाला, तरी तेच.

खरी धास्ती सेव्हची आहे. तो एसरॅममध्ये (वीज असेपर्यंतच डेटा धरून ठेवणारी मेमरी), आतल्या बटन सेलवर तगून आहे. सेल काढला की गेलाच. सेव्हची फाइल इम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर गेम बॉयची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडतो तर सगळं कोरं. तेच कार्ट्रिज गेम बॉयमध्ये घातलं की माझा लहानपणीचा खेळ जसाच्या तसा! म्हणजे रीडरच नीट वाचत नाहीये ना? पिना पुन्हा घासू, की रीडरमधलं मॅपर (कार्ट्रिजमधली मेमरीचे भाग आळीपाळीने जोडणारी चिप) सेटिंग बदलून बघू? आणि सेव्ह न घालवता सेल कुणी बदललाय का?